ओळखीच्या साइटवर ‘मी रोबोट नाही’ आलं आणि विंडोज-आर दाबायला सांगितलं

निशिगंधा_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत तहसीलच्या रस्त्याला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर. एकावर विंडोज ७, पेजमेकर आणि लग्नपत्रिका. दुसऱ्यावर विंडोज १० आणि दाखले, स्कॉलरशिप, पीकविमा, परीक्षांचे फॉर्म.

काल दुपारी हाताखालचा मुलगा दुसऱ्या मशीनवर एका शिक्षणसंस्थेची साइट उघडून प्रवेशाची यादी काढत होता. ही साइट आम्ही कायम उघडतो. पत्ता बरोबर, एचटीटीपीएससुद्धा होतं. मध्येच पांढरं पान आलं, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’. टिक केल्यावर खाली सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पोराने केलं. काळी खिडकी लुकलुकून गेली, यादी उघडली, प्रिंटही निघाली. रात्री शटर ओढताना तो सहज बोलला म्हणून मला कळलं.

मी लगेच तीच साइट उघडून बघितली, तसलं काही येतच नाही. सकाळी संस्थेत फोन केला. क्लार्क म्हणाले, आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय, तुमच्याच मशीनमध्ये व्हायरस असेल. विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा स्कॅन केला, काही सापडलं नाही.

खरंच काही झालंय का? झालं असेल तर इतक्या वर्षांच्या साइटवरून कसं? आणि आता काय करू? दुकानात गर्दी आहे, मशीन बंद ठेवणं परवडत नाही.

फुलपगारी

स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे काही नाही. उगाच घाबरू नका. चांगला पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस टाका आणि कामाला लागा.

फाटकी_वायर

ताई, आधी त्या मशीनची इंटरनेटची वायर काढा. काढलीत? आता वाचा.

इचलकरंजीत माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा आहे. यंत्रमागवाल्यांच्या ऑफिसांपासून तुमच्यासारख्या सेवा केंद्रांपर्यंत गिऱ्हाईक. हा प्रकार मी ओळखतो. याला क्लिकफिक्स म्हणतात, २०२४ पासून बोकाळलाय. टिक करताच ते पान तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं राहतं त्या जागी, गुपचूप एक कमांड ठेवतं. विंडोज-आरने रनचा चौकोन उघडतो, कंट्रोल-व्हीने कमांड त्यात पडते, एंटरने ती चालते. पोराने काहीच डाउनलोड केलं नाही, कुठली फाइल उघडली नाही. विंडोजच्या दृष्टीने मालकाने स्वतःच्या हाताने हुकूम दिला. म्हणून ब्राउझर ओरडत नाही आणि पुष्कळदा अँटिव्हायरसही गप्प बसतो. फुलपगारी साहेब, पैसे देऊन घेतलेलासुद्धा.

खात्री करायची असेल तर त्याच मशीनवर विंडोज-आर दाबा, काही टाइप करू नका, नुसत्या चौकोनाच्या उजवीकडच्या बाणावर क्लिक करा. आधी चालवलेल्या कमांडची यादी दिसते. त्यात ‘पॉवरशेल’ किंवा ‘एमएसएचटीए’ने (विंडोजमधलेच हुकूम चालवणारे प्रोग्राम) सुरू होणारी लांबलचक ओळ असेल तर समजून जा. या कमांडच्या शेपटाला बहुतेक वेळा ‘मी रोबोट नाही’ असलं वाक्य इंग्रजीत जोडलेलं असतं. चौकोन अरुंद असल्यामुळे पेस्ट करताना फक्त शेपूट दिसतं, खरी कमांड डावीकडे सरकून दडते. डोकं आहे हो लोकांना, वाईट जागी वापरतात. फोटो काढा, ती ओळ निवडू नका आणि एंटर मारू नका.

आता स्कॅन स्वच्छ का आला. अशा कमांडने बहुतेक वेळा येतो तो चोर, म्हणजे माहिती उचलून नेणारा प्रोग्राम. त्यातला लुम्मा नावाचा फार पसरला होता. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मार्च ते मे या दोन महिन्यांत त्याची लागण झालेली ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीन मोजली होती. हे चोर मशीनमध्ये घर करून बसतीलच असं नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करायच्या, पाठवायच्या, पसार व्हायचं. हे काम मिनिटांचं आहे. तुम्ही स्कॅन केलात तेव्हा सापडायला कुणी उरलेलंच नसेल.

कुकीचं नीट समजून घ्या, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे. एसटीत एकदा तिकीट काढलं की वाहक परत पैसे मागत नाही, हातातलं तिकीट बघतो. जीमेलमध्ये लॉगिन केल्यावर ब्राउझरला मिळतं ते तसलंच तिकीट. ते चोराच्या हाती लागलं की त्याला पासवर्ड नको आणि ओटीपीही नको. त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. फोनवरून, मोबाइल डेटावर, गुगल खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का ते पाहा. मेल परस्पर दुसरीकडे जाईल असा फिल्टर कुणी लावलाय का तेही बघा, हे कुणीच तपासत नाही. नेट बँकिंगचा पासवर्डही फोनवरूनच बदला. व्हॉट्सअॅपमध्ये जोडलेली उपकरणं काढून टाका. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मशीन फॉरमॅट करा. मध्यममार्ग सुचवणारे भेटतील, ऐकू नका. आतला चोर एकटा होता की मागे आणखी काही सोडून गेला हे दुकानात बसून सांगता येत नाही. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवायचा, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून.

एक विचारतो, राग मानू नका. गिऱ्हाइकांचे जीमेल त्या ब्राउझरमध्ये तसेच लॉगिन राहतात का?

निशिगंधा_बार्शी

वायर काढली. यादीत ती ओळ आहे दादा. पॉवरशेलच. शेवटी तुम्ही म्हणता तसंच इंग्रजी वाक्य.

आणि हो, राहतात. पोरं येतात, फॉर्म भरायला मेल उघडून देतात, ओटीपी सांगतात आणि घाईत निघून जातात. कोपऱ्यात नावांची ही यादी झालीय.

फाटकी_वायर

मग त्या सगळ्यांना फोन. वहीत नंबर असतीलच. आज, उद्या नाही. सांगा की सगळीकडून साइन आउट करून पासवर्ड बदला. ज्यांना जमत नाही त्यांना त्यांचा मोबाइल घेऊन दुकानात बोलवा आणि त्यांच्याच मोबाइलवर करून द्या.

यापुढे गिऱ्हाइकाचं काम क्रोमच्या गेस्ट खिडकीत करायचं. सगळ्या गेस्ट खिडक्या बंद केल्या की कुकी जातात, इतिहास जातो. प्रिंटसाठी उतरवलेले आधार-पॅन मात्र डाउनलोडमध्ये राहतात, ते हाताने उडवावे लागतात.

कोथरूडचा_बग

साइट मालकाला काही दिसत नाही, यात नवल नाही. हॅक झालेल्या वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट साफ करणं हे माझं रोजचं काम, म्हणून तेवढंच सांगतो.

साइटमध्ये घुसवलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, माणूस बघून पान दाखवते. मशीन विंडोज आहे का, हे कनेक्शन पहिल्यांदाच आलंय का, सर्चमधून आलंय का. एकदा दाखवलं की त्याच कनेक्शनला परत दाखवत नाही, म्हणून ताईंना रात्री दिसलं नाही. आणि अॅडमिन म्हणून लॉगिन असलेल्याला तर मुद्दाम दाखवत नाही. क्लार्कसाहेब खोटं बोलत नसणार.

एचटीटीपीएसने इथे काही फरक पडत नाही. तुम्ही आणि साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, एवढीच त्याची हमी. साइटच पोखरलेली असेल तर माल सुरक्षितपणे तुमच्यापर्यंत पोचतो, झालं.

हे जुनंच आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बॅड रॅबिट नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर रशियातल्या खऱ्याखुऱ्या बातम्यांच्या साइटवरून पसरलं, फ्लॅश अपडेट करा असं सांगून. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपलं, पण क्रोम अपडेट करा असं सांगणं चालूच राहिलं, आता रोबोट नाही म्हणून सिद्ध करा. साइटवाल्याने स्वतः काही केलेलं नसतानाही होतं. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल नावाची बाहेरून उसनी घेतली जाणारी स्क्रिप्ट मालक बदलल्यावर बिघडली आणि ती लावलेल्या १ लाखाहून जास्त साइट एकदम धोक्यात आल्या.

संस्थेला फोन नको, लेखी मेल करा. तारीख, वेळ, पानाचा पत्ता आणि त्या रनच्या यादीचा फोटो. सोबत लिहा की साइट ज्याने बनवली त्याला अनोळखी अॅडमिन आणि ‘एमयू-प्लगइन्स’चा फोल्डर बघायला सांगा. तो फोल्डर नेहमीच्या प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या जादा प्रोग्रामच्या) यादीत येत नाही, म्हणून चोरांना आवडतो. फुकटात मिळालेली क्रॅक केलेली थीम असेल तर बहुधा शोध तिथेच संपेल.

निशिगंधा_बार्शी

मेल केला, फोटोसकट. बरेच फोन झाले, थोडे राहिलेत. एका आईने माझ्यावरच संशय घेतला, घेणारच म्हणा.

रनचा चौकोनच बंद करता येतो का? आणि विंडोज ७ वाल्या मशीनचं काय करू? पेजमेकर आणि जुना प्रिंटर त्याच्यावरच चालतो.

फाटकी_वायर

येतो. विंडोजची होम आवृत्ती असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, ‘नोरन’ नावाची नोंद करावी लागते, तुमच्या गावच्या दुरुस्तीवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम. पण विंडोज-एक्स दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड चालवायची दुसरी खिडकी, उघडायला लावणारी पानंही निघालीत. म्हणून पोराला एवढंच पाठ करून द्या: कुठलीही साइट कीबोर्डवरून विंडोजचं बटण दाबायला सांगत नाही. सांगितलं की टॅब बंद आणि तुम्हाला हाक. तो आपणहून बोलला म्हणून हे कळलं, तेव्हा ओरडू बिरडू नका.

विंडोज ७ ला नेट नको. क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीलाच सोडलं, १०९ च्या पुढे आवृत्ती नाही. पत्रिका छापायला नेट लागत नाही. मजकूर पेनड्राइव्हने न्या, आणि दोन मशीनमध्ये शेअर केलेला फोल्डर असेल तर बंद करा.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. फॉरमॅट करताच आहात तर मशीन ११ घेतं का ते बघा, आणि विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करून देणारा प्रोग्राम कुणालाही टाकू देऊ नका. त्यातूनही हेच चोर येतात.

निशिगंधा_बार्शी

११ घेत नाही म्हणतोय. प्रोसेसर जुना. त्याच मदरबोर्डवर नुसता प्रोसेसर बदलता येतो की पूर्णच घ्यावं लागेल?

फाटकी_वायर

मदरबोर्डचं मॉडेल टाका, सांगतो. पण आधी उरलेले फोन संपवा.