मिखाईल कोक्ल्यायेव : वाया गेलेला वेटलिफ्टर?

धागाकर्ता :
चेल्याबिन्स्कचा मिखाईल कोक्ल्यायेव अनेकदा रशियाचा राष्ट्रीय भारोत्तोलन विजेता ठरला. स्नॅचमध्ये (वजन एका दमात थेट डोक्यावर) २१० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) २५० किलो ही त्याची सर्वोत्तम वजने, आणि तरीही ऑलिंपिकच्या मंचावर तो एकदाही उभा राहिला नाही. पुढे तो दगड, ओंडके अशा अवजड वस्तू उचलण्याच्या स्ट्राँगमन स्पर्धांकडे वळला आणि २०१० साली दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे झालेल्या ‘वर्ल्ड्‌स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्पर्धेत लिथुआनियाचा सावित्स्कास व अमेरिकेचा ब्रायन शॉ यांच्या पाठोपाठ तिसरा आला. भारोत्तोलनाच्या चाहत्यांमध्ये त्याचा विषय निघाला की ‘फुकट गेला बिचारा’ असा सूर लागतो. मला तो मुळीच पटत नाही. ज्या खेळात संधीची वाट पाहत वर्षे सरली असती तो सोडून, तीच ताकद जिथे दरवर्षी जगातल्या सर्वात बलाढ्य माणसांसमोर कसाला लागते तिथे जाणे, हा माझ्या मते त्याचा सर्वात शहाणपणाचा निर्णय होता.

पहिला प्रतिसाद :
आपल्याशी सपशेल असहमत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या चिगिशेवने रौप्यपदक मिळवले ते २१० अधिक २५०, म्हणजे ४६० किलो उचलून. हे नेमके कोक्ल्यायेवचेच आकडे आहेत! जर्मनीच्या श्टायनरने शेवटच्या प्रयत्नात २५८ किलो पेलून ४६१वर सुवर्ण नेले, म्हणजे अंतर अवघ्या एका किलोचे. इतक्या जवळ पोहोचलेल्या माणसाने वाट बदलली, याची हळहळ वाटू नये का? शिवाय तो स्ट्राँगमनमध्येही स्थिरावला नाही. पॉवरलिफ्टिंग (स्क्वॉट, बेंच प्रेस व डेडलिफ्टचा खेळ) केले, आणि २०१९ साली तर मॉस्कोत बॉक्सिंगच्या रिंगणात उतरून रशियन लढवय्या अलेक्झांडर येमेल्यानेन्कोकडून पहिल्याच फेरीत बाद झाला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

धागाकर्ता :
बॉक्सिंगबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. ती लढत पाहताना मलाही वाईट वाटले. पण आकड्यांची तुलना करताना एक गोष्ट सुटते. कोक्ल्यायेवची ती दोन्ही वजने वेगवेगळ्या दिवसांची सर्वोत्तम वजने आहेत, तर चिगिशेवने ती ऑलिंपिकच्या एकाच दिवशी, तीन-तीन प्रयत्नांच्या मर्यादेत उचलली. एका वजनगटात देशाला जास्तीत जास्त दोनच खेळाडू उतरवता येत असत, आणि रशियात अवजड गटाची रांग किती लांब होती ते आपण जाणताच. तिथे मागे राहणारा माणूस दुबळा असतो असे नव्हे.

दुसरा प्रतिसाद :
मी स्वतः काही वर्षे बार उचलला आहे, म्हणून वेगळा मुद्दा मांडतो. आपण दोघेही असे धरून चालला आहात की एका खेळातली ताकद जशीच्या तशी दुसऱ्या खेळात नेता येते. भारोत्तोलनाचा बार २८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर अंगठा आधी दाबून वरून बोटे आवळता येतात, आणि बाह्या (टोकांचे वजन अडकवायचे भाग) फिरत्या असल्यामुळे मनगट सहज वळते. याउलट स्ट्राँगमनमधला ‘अपोलोनचा आस’, म्हणजे चाके लावलेला जाड दांडा, जवळजवळ ४९ मिलिमीटर जाड, चाकांसह सुमारे १६६ किलो वजनाचा, आणि जुन्या घडणीत चाके आसालाच घट्ट बसवलेली. एकदा तालमीत तेवढ्या जाडीचा साधा पाइप हातात घेतला, तेव्हा बोटांची टोके अंगठ्यापर्यंत पोहोचेनात आणि जेमतेम ८० किलोवर पकड सुटली. वर्षानुवर्षे मुरलेली पकडच तिथे निरुपयोगी ठरते. अशा वस्तू छातीवर घेऊन डोक्यावर नेणारा आणि शिवाय ४०० किलोंहून अधिक डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहणे) मारणारा वेटलिफ्टर म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा नवखा होऊन शिकलेला माणूस. मला त्याच्या पदकांपेक्षा हे शिकणे मोठे वाटते.

पहिला प्रतिसाद :
पकडीचा मुद्दा मान्य, आणि तो मला ठाऊक नव्हता. पण माझी हळहळ त्याने जात नाही. स्ट्राँगमनमध्ये लॉगची (डोक्यावर उचलायच्या ओंडक्याची) जाडी, दगडांची वजने आणि प्रकारांची निवड स्पर्धेगणिक बदलते; २१० किलोचा स्नॅच मात्र जगात कुठेही २१०च असतो. सन सिटीतला तिसरा क्रमांक मी कमी लेखत नाही, तरी बीजिंगच्या त्या रात्री त्याच मापाचा दुसरा रशियन मंचावर होता, हे मला विसरता येत नाही.