आगीचे कारण सांगणाऱ्या तज्ज्ञाचे मत न्यायालयात कितपत टिकते?

प्रश्न : डिचोलीकर

सर्वांस नमस्कार. डिचोली तालुक्यात आमच्या कुटुंबाचा काजूबियांवर प्रक्रिया करण्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गुदामाला रात्री आग लागली. अग्निशामक दलाच्या अहवालात कारण म्हणून ‘शॉर्टसर्किटची शक्यता’ एवढेच लिहिले आहे. विमा कंपनीने नेमलेल्या खासगी तपासनिसाने मात्र कोब्यावरचे डबक्याच्या आकाराचे काळे डाग, उडालेले सिमेंटचे पापुद्रे आणि जाळीदार तडे गेलेल्या खिडकीच्या काचा यांवरून ज्वलनशील द्रव ओतून आग लावल्याचा निष्कर्ष काढला आणि त्या आधारे आमचा दावा फेटाळण्यात आला. निष्कर्षाला आधार म्हणून त्याने मुख्यतः स्वतःचा दीर्घ अनुभव दिला आहे. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. अशा तज्ज्ञाच्या मताला किती वजन मिळते, आणि ते तपासून पाहण्याचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : फोंड्याचा निवृत्त फायर ऑफिसर

आपण सांगितलेल्या तिन्ही खुणा आमच्या पिढीला प्रशिक्षणात जाळपोळीच्या खुणा म्हणूनच शिकवल्या गेल्या होत्या, आणि तिन्ही पुढे प्रयोगांत टिकल्या नाहीत. काचेला जाळीदार तडे जातात ते तापलेल्या काचेवर पाणी पडून ती एकदम थंड झाल्यामुळे, म्हणजे बहुतेक वेळा आमच्याच होजपाइपमुळे. सिमेंटचे पापुद्रे उडण्यामागे आत मुरलेला ओलावा आणि असमान तापणे ही कारणे असू शकतात, आणि गोव्यातल्या जुन्या कोब्यात ओलावा किती असतो हे कोणाला सांगायला नको.

डबक्यासारख्या डागांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बंद खोलीत छताखाली साचलेला धूर आणि वायू साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यांच्या उष्णतेने खालचे सर्व जळण्याजोगे सामान जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर जमिनीवर उमटणारे वेडेवाकडे डाग पेट्रोल ओतल्यासारखेच दिसतात, मग पेट्रोलचा थेंबही नसला तरी. अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९९१ मध्ये पाडायच्या एका घरात सोफा पेटवून हे पाहिले गेले, तेव्हा कोणताही द्रव न वापरता साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला. त्यातून निघालेल्या माहितीने एका आरोपीवरचा खटला मागे घ्यावा लागला.

अनुभवाबद्दल एवढेच सांगतो. २००५ मध्ये लास वेगास येथे दोन खोल्या पेटवून, फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटे जळू देऊन विझवल्या गेल्या आणि ५३ तपासनिसांना आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली असे विचारले गेले. प्रत्येक खोलीबाबत बरोबर उत्तर देणारे तिघेच निघाले. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी यापेक्षा अधिक जण बरोबर ठरले असते.

आता आमच्या खात्याच्या बाजूचेही सांगणे भाग आहे. ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द आपल्याकडे फार सहज लिहिला जातो. वायरीवर तांब्याचा वितळलेला मणी सापडला म्हणजे आग लागली तेव्हा वायरीत वीज होती इतके सिद्ध होते. ठिणगीने आग लागली की आगीने इन्सुलेशन जळून ठिणगी पडली, हे त्या मण्यावरून खात्रीने सांगता येत नाही. हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत डिसेंबर २०२५ मध्ये २५ माणसे गेली, तेव्हाही पहिल्या काही तासांत सिलिंडरचा स्फोट हेच कारण सर्वत्र फिरत होते, आणि तपासाचा रोख नंतर आतषबाजीकडे वळला. तेव्हा आपल्या बाजूचा अहवालही त्याच कसोटीवर घासला जाईल हे गृहीत धरावे.

उत्तर : पणजीतील एक वकील

ऑफिसरसाहेबांनी विज्ञान सांगितले, मी कायद्यापुरते लिहितो. तज्ज्ञाचे मत ग्राह्य असल्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. मात्र ग्राह्य असणे आणि विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाचे काम न्यायाधीशाला कसोट्या आणि माहिती पुरवण्याचे असल्याचे, आणि कारणांवाचून दिलेल्या निष्कर्षाला फारसे मोल नसल्याचे स्पष्ट केले आहे. नव्या अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे (जुन्या कायद्यातले ४५ नव्हे) मताची कारणेही पुराव्यात येतात, त्यामुळे ‘अनुभव’ या एका शब्दामागे लपता येत नाही.

फौजदारी खटल्यात शासकीय वैज्ञानिकाचा अहवाल त्याला न बोलावताही वाचता येतो, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३२९ मध्ये तशा अधिकाऱ्यांची यादी आहे. त्या यादीत हाफकिन संस्थेचे संचालक आहेत, पण अग्निशामक अधिकाऱ्याचे नाव नाही! वेगळी अधिसूचना नसेल तर त्याला साक्षीला यावे लागते आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. माझ्या मते हे योग्यच आहे.

आपल्या प्रकरणात सर्व्हेअरचा, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याचा, अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीपकुमार प्रकरणात सांगितले आहे. मुदित रोडवेज प्रकरणात २०२३ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले : विमाधारकाने स्वतः आग लावलेली नसेल, तर ती शॉर्टसर्किटने लागली की अन्य कारणाने, हा प्रश्न गौण आहे. म्हणजे आपल्याला शॉर्टसर्किट सिद्ध करत बसण्याची गरज नाही. आग आपणच लावली हे कंपनीने सिद्ध करायचे आहे.

उत्तर : मडगावचा सर्व्हेअर

वरील दोन्ही उत्तरे वाचून कोणाचा असा समज होऊ नये की आग तपासणारे सगळेच अंदाजपंचे बोलतात. जाळपोळ होते, आणि ती शोधता येते. फक्त ती डागांच्या आकारावरून नव्हे, तर प्रयोगशाळेतून सिद्ध व्हावी लागते. नमुने हवाबंद धातूच्या डब्यात किंवा नायलॉनच्या खास पिशवीत जायला हवेत. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ उडून जाते आणि बाहेरची आत शिरते. शिवाय संशय नसलेल्या जागेचा नमुनाही तुलनेसाठी घ्यावा लागतो, कारण जळलेले लाकूड आणि प्लॅस्टिकही हायड्रोकार्बन सोडतात.

आपल्या गुदामात तर काजूची टरफले असणार. त्यांतले तेल स्वतः चांगले जळते आणि उष्णतेने झिरपून जमिनीवर पसरते. त्याची रासायनिक घडण पेट्रोल किंवा घासलेटपेक्षा अगदी वेगळी असल्याने गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीत, फरक लपत नाही. तपासनिसाने ही चाचणी करवली होती का?

डिचोलीकर

अहवाल पुन्हा काढून पाहिला. टरफलांचा उल्लेख कोठेही नाही, वस्तुतः पाऊणशे पोती त्याच भिंतीला लावलेली होती. नमुना एकच, काळ्या डागावरचा, ‘पॉलिथिन पिशवीत’ घेतल्याची नोंद आहे. प्रयोगशाळेचा निष्कर्ष ‘पेट्रोलियमजन्य पदार्थ आढळला नाही’ असा असून, त्याखाली तपासनिसाने ‘द्रव पूर्णतः जळून गेला असावा’ असे लिहिले आहे. वकीलसाहेब, आयोगापुढे त्याची उलटतपासणी घेता येईल का? आपणा सर्वांचे देव बरे करो.

पणजीतील एक वकील

आयोगाचे काम मुख्यतः शपथपत्रांवर चालते, परंतु तज्ज्ञाला लेखी प्रश्न पाठवण्याची परवानगी मागता येते, तसा अर्ज पुढच्याच तारखेला द्यावा. पहिला प्रश्न त्याच शेऱ्यावर असू द्या : द्रव सापडला असता तर जाळपोळ आणि सापडला नाही तरी जाळपोळ, तर मग कोणता निकाल आला असता म्हणजे आपण मत बदलले असते? दुसरा, फ्लॅशओव्हर झाला होता की नाही हे आपण कशावरून ठरवले. तिसरा टरफलांच्या पोत्यांविषयी, आणि त्यासोबत साठ्याची नोंदवही व आगीपूर्वीचे गुदामाचे फोटो जोडावेत. आणि ऑफिसरसाहेबांनी संमती दिली, तर त्यांचे शपथपत्रही दाखल करता येईल. मात्र त्यांनी जागा स्वतः पाहिलेली नाही, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहावे लागेल.