लुशोटो: आई-बाबांना घेऊन उसंबाराच्या डोंगरात

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा जुलैमध्ये वाईहून आमच्याकडे दार-ए-सलामला येत आहेत. मोठ्या सफारीची दगदग त्यांना झेपणार नाही, म्हणून चार दिवस टांझानियातल्याच उसंबारा पर्वतातील लुशोटो गावाला न्यावे असे मनात आहे. आईचे गुडघे दुखतात आणि दोघेही शाकाहारी आहेत. जे तिथे राहून आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपला नम्र,
एक नवा सभासद

---

भाऊ, नमस्कार.

आई-बाबा वाईचे आहेत हे वाचून मला फार आनंद झाला, कारण लुशोटोचा रस्ता त्यांना अर्धा ओळखीचाच वाटेल. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी जशी वाई, तसे इथे मोंबो. दारहून चालिंझे, सेगेरा, कोरोग्वे असे करत मोंबोला पोहोचले की आरुशाचा हमरस्ता सोडायचा आणि सुमारे 33 किलोमीटरचा घाट चढायचा. अर्ध्या वाटेवर सोनी लागते, तिथला धबधबा बघायला थांबावे. लुशोटोची उंची 1,400 मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराएवढी. जुलै हा तिथला थंडीचा महिना असल्यामुळे स्वेटर आणि कानटोपी सोबत असू द्यावी. दारहून निघाल्यावर सगळा दिवस प्रवासातच जातो, म्हणून त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

जर्मन अमदानीत या गावाचे नाव विल्हेल्मस्टाल होते, कैसर विल्हेल्मच्या नावावरून. त्या काळातल्या काही इमारती अजून उभ्या आहेत. पण हे डोंगर त्याआधीपासून शांबा लोकांचे आहेत, आणि त्यांच्या राज्याची राजधानी वुगा याच पश्चिम उसंबारात होती. तिथला थोर राजा किम्वेरी ये न्युंबाई 1862 मध्ये वारला. आजही उतारांवर मका, घेवडा, केळी, कोबी, बटाटे अशी शेती अगदी कड्यापर्यंत केलेली दिसते. आपण कोणाच्या तरी बांधावरून चालत असतो, तेव्हा वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करावा. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचे, ते 'मराहबा' म्हणून उत्तर देतात. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर 'औक्षवंत हो' म्हणतात, तोच भाव यात आहे. तुमच्या आई-बाबांना तर दिवसभर मुलांचे 'शिकामो' ऐकू येईल. 'मराहबा' एवढा एक शब्द त्यांना आधीच शिकवून ठेवा.

इरेंटेचा कडा चुकवू नका. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि गाडी बरीच जवळ जाते, त्यामुळे आईंना फार चालावे लागणार नाही. कड्याच्या टोकाशी आपल्या पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली मसाई मैदान पसरलेले दिसते. पायथ्याशी घायपाताच्या सरळ रांगा दिसतात. ही घायपात इथली नव्हे: 1893 मध्ये हिंडॉर्फ नावाच्या जर्मनाने मागवलेल्या रोपांपैकी जी 62 जगली, त्यांपासून या देशातली सगळी लागवड वाढली. परतताना इरेंटे फार्मवर थांबून तिथला पाव, चीज आणि मुरंबा घ्यावा.

मगांबाच्या जंगलात मात्र बाबांनीच जावे, आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच. पूर्वी सगळा डोंगर व्यापणारे हे अरण्य आता तुकड्यांनी उरले आहे, म्हणून ते पाहताना मन भरून येते. लांब पांढऱ्या केसांची झालर असलेली कोलोबस माकडे तिथे आहेत. फांदीवर सावकाश पाऊल टाकणारा शिंगांचा सरडा वाटाड्याने दाखवल्याशिवाय आपल्याला दिसत नाही. पुण्यात खिडकीतल्या कुंडीत आपण जे आफ्रिकन व्हायोलेट जपतो, तेही मूळचे या उसंबारा पर्वतातले, ओलसर सावलीतल्या खडकांवर वाढणारे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटिकांसारखे. 'सा मोजा' म्हणजे सकाळचे सात. आम्ही पहिल्या वर्षी वाटाड्याशी 'सा मोजा' ठरवले आणि दुपारी एकला पोहोचलो. तो माणूस सहा तास दगडावर बसून होता, आणि तरी रागावला नाही. त्या दिवसाची रुखरुख मला अजून आहे. वेळ ठरवताना 'असुबुही' म्हणजे सकाळ की 'म्चाना' म्हणजे दुपार, हे विचारून घ्या.

आपली,
काकू

---

काकूंच्या पत्राला जेवणापुरती जोड देतो.

शाकाहाराची अडचण येत नाही, मात्र 'सिली न्यामा वाला समाकी', म्हणजे मी मांस-मासे खात नाही, हे जेवण सांगतानाच स्पष्ट करावे. 'वाली' म्हणजे भात, 'माहारागे' म्हणजे राजम्यासारखी उसळ, चपाती आणि 'काचुंबारी' म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, हे बहुतेक ठिकाणी मिळते. 'म्चिचा' अवश्य मागावी. ती आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी आहे आणि तिथे कांदा-टोमॅटोवर परततात. बाजारात मोठ्या किमती 'लाकी'त सांगतात; 'लाकी मोजा' म्हणजे एक लाख शिलिंग, हा हिशेब तुमच्या बाबांना समजावून सांगावा लागणार नाही. आमच्या आईने तिथून म्चिचाची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, आणि दारला पोहोचल्यावर त्याच रात्री लसणाची फोडणी देऊन केली.

आपला,
एक जुना सभासद