शिलाँगला बदली झालीय. 'तिकडे बायकांचं राज्य' हे कितपत खरं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी बँकेत आहे. सांगलीहून शिलाँगला बदली झालीय, जूनमध्ये रुजू व्हायचंय. धाकटी लेक सोबत येईल. थोरलीचं बारावीचं वर्ष आहे, म्हणून ती आणि तिचा बाबा इथेच राहणार.

ऑर्डर आल्यापासून जो तो एकच ऐकवतोय: "अरे वा, बायकांच्या राज्यात चाललीस!" शाखेतल्या शिपाईमामांपासून सासूबाईंपर्यंत सगळे. सासूबाई तर म्हणाल्या, तिकडे म्हणे जावई नांदायला येतो, बघून ये कसं चालतं ते.

मी थोडं वाचलं. तिथल्या खासी लोकांत वंश आईकडून चालतो, मुलांना आईच्या कुळाचं नाव लागतं आणि घर सगळ्यात धाकट्या मुलीला मिळतं, एवढं कळलं. पण वाचलेलं वेगळं आणि राहिलेल्या माणसाने सांगितलेलं वेगळं. कुणी तिथे राहिलंय का? धाकटीला घर मिळतं म्हणजे ती ते विकू शकते का? बाकीच्या भावंडांचं काय? आणि बायकांच्या हातात खरंच काही असतं का?

विचारायला आणखी एक कारण आहे. वडील मागच्या वर्षी गेले. जायच्या आधी हक्कसोडपत्रावर सही करून जा, असं भावाचं म्हणणं आहे. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आल्यामुळे डोक्यात सारखी तुलना चालू असते.

बिनधास्त_बापू

आमचा मेहुणा शिलाँगला तीन दिवस फिरायला गेला होता. हॉटेलात बाई, दुकानात बाई, भाजीला बाई. म्हणाला, पुरुष फक्त टॅक्सी चालवतात आणि गिटार वाजवतात. ताई, तुमच्या मिस्टरांना गिटारचा क्लास लावा.

डोंगरउतार

बापू, तीन दिवसांत मेहुण्याने बरंच बघितलं म्हणायचं. टॅक्सी आणि गिटार दोन्ही खरं आहे.

कृष्णाकाठची, मी शिलाँगच्या लाइतुमखरा भागात बरीच वर्षं भाड्याने राहिले, तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यामुळे जे सांगते ते एका घरात, एका गल्लीत बघितलेलं आहे. खेड्यांत थोडं वेगळं असेल. गारो आणि जैंतिया लोकांतही वंश आईकडूनच चालतो, पण त्यांच्या रीती वेगळ्या आहेत.

आमची घरमालकीण साठीची, घरातली धाकटी. तिला खतदुह म्हणतात. मोठ्या बाईला हाक मारताना काँग म्हणायचं आणि पुरुषाला बाह, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या, निम्मी कामं तिथेच होतात. तर आमची काँग. पत्र्याच्या छपराचं जुनं लाकडी घर तिच्या ताब्यात, भाडं तिच्या हातात, किल्ल्या तिच्या जैनसेमच्या, म्हणजे खासी बायका नेसतात त्या वस्त्राच्या घडीत. म्हातारी आई शेवटपर्यंत तिच्याकडे होती. थोरल्या बहिणी लग्नानंतर काही वर्षांनी वेगळ्या घरांत गेल्या. पण कुणाची नोकरी गेली, कुणाचा नवरा गेला, तर परत यायची जागा हेच घर. बारसं असो की मयत, चूल इथेच पेटायची. सुपारी-पानाची, म्हणजे क्वायची, टोपली दिवसभर दारात. कुणीही आलं की आधी क्वाय.

आता विकण्याचं. घराखालच्या उतारावर एक तुकडा होता, त्याला गिऱ्हाईक आलं. काँगला पैशांची गरज होती, छप्पर बदलायचं होतं. पण वडिलोपार्जित मालमत्ता खतदुहच्या एकटीच्या मर्जीने विकली जात नाही. मामा आणि भाऊ यांची संमती लागते. तिचा थोरला भाऊ स्वतः बायकोच्या घरी राहायचा. तो रविवारी चर्च आटोपून यायचा, चहा प्यायचा आणि 'बघू' म्हणून निघून जायचा. असं कितीतरी रविवार चाललं. शेवटी तो नाहीच म्हणाला. काँगने एक शब्द उलट काढला नाही. मी तापले होते, ती नव्हती. म्हणाली, माझ्या मुलांच्या बाबतीत तो बोलणार आणि त्याच्या बायकोच्या मुलांच्या बाबतीत तिचा भाऊ बोलणार, असंच असतं. त्यांच्याकडे एक म्हण आहे, तिचा अर्थ साधारण असा की बाप रोजचं सोसतो, मामा जन्ममरणाच्या वेळी येतो.

स्वतः कमावलेलं असेल तर ते कुणालाही देता येतं. मुलगी नसेल तर मालमत्ता थोरल्या बहिणीच्या शाखेकडे सरकते, किंवा कुळातली एखादी मुलगी दत्तक घेतात. मुलगा होण्यासाठी नवस करणारी बाई मला तिथे भेटली नाही. मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरेही पाहिले नाहीत. हे सुख मोठं आहे, आणि ते पुस्तकात वाचून कळत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळतं.

पण बाजार आणि दरबार या दोन जागा बघाल तेव्हा खरं चित्र दिसेल. ईव्दुहचा बाजार, ज्याला आपली माणसं बडा बाजार म्हणतात, तिथे बायकांचंच चालतं. सुक्या मासळीपासून कोयत्यांपर्यंत सगळं त्याच विकतात, उधारी त्याच ठरवतात. पण वस्तीचा कारभार दरबार श्नाँगकडे असतो, आणि परंपरेने तिथे बायकांना बसता येत नसे. आता काही वस्त्यांच्या समित्यांवर बायका घेतात, त्यांची स्वतःची महिला समितीही असते, पण वस्तीचा मुखिया, रंगबाह श्नाँग, जवळजवळ सगळीकडे पुरुषच. कोंबडी आरवली की जग बुडतं, अशीही म्हण त्यांच्याकडे आहे बरं का. 2023 च्या निवडणुकीत साठ आमदारांच्या विधानसभेत तीन बायका निवडून आल्या. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा राखीव आहेत. तिथे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे आदिवासी भागांना दिलेल्या स्वायत्ततेमुळे, पंचायतराजच लागू नाही, मग तेही नाही. आपल्या सरपंचबाईंचे नवरेच कारभार बघतात हे मला माहीत आहे, पण निदान खुर्ची तरी आहे.

आणखी एक. मुलं आईच्या कुळाची, त्यामुळे बाप निघून गेला तरी मुलांवर डाग नाही. हे चांगलंच. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की बाप सहज निघून जातो. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांची फी आई, मावशी नाहीतर आजी भरायची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मेघालयचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2.9 आहे, बिहारच्या खालोखाल. घर नावावर असलं तरी किती मुलं होऊ द्यायची हे बाईच्या हातात येतंच असं नाही.

पुरुषांचीही तक्रार आहे. 'सिंगखाँग रिम्पेइ थिम्माइ' नावाची त्यांची संघटना 1990 पासून आहे. वंश बापाकडून चालावा, मुलग्यांनाही मालमत्ता मिळावी असं तिचं म्हणणं. एका सहकाऱ्याने मला सांगितलं होतं, बायकोच्या घरात मी पाहुणा, आईच्या घरात बहिणीचा पाहुणा, बँक मला कर्ज कशावर देणार? मला हसू आलं, कारण हे वाक्य मी माहेरी बायकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे यात. 2018 मध्ये खासी हिल्सच्या स्वायत्त जिल्हा परिषदेने एक विधेयक मंजूर केलं होतं: खासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिचं आणि तिच्या मुलांचं खासीपण जाईल. ज्या समाजात वंश बाईच्या पोटातून चालतो, तिथे बाईने लग्न कुणाशी करावं याची काळजी पुरुषांना जास्तच.

वकीलकाका_कऱ्हाड

ताई, शिलाँगचं मला ठाऊक नाही. हक्कसोडपत्राचं सांगतो.

महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, पण त्यात त्या वर्षीच्या 22 जूनआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली आणि ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको यावर बरीच वर्षं गोंधळ होता. ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नकोत. हक्क जन्मानेच आहे. तुमचे वडील मागच्या वर्षी गेले, म्हणजे तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, आई, तुम्ही आणि भाऊ यांचे सारखे वाटे. आजी हयात असेल तर तिचाही.

आता सही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत होतं आणि एकदा झालं की रद्द करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं. बदलीच्या गडबडीत करायचं हे काम नव्हे. आधी तलाठ्याकडे वारस नोंद होऊ द्या, सात-बारावर सगळ्यांची नावं चढू द्या. नाव चढल्याने भावाची वहिवाट थांबत नाही, त्याला शेती करता येते. 'नंतर फार कटकट होईल' असं कुणी म्हणालं तर कुणाला होईल ते विचारा.

शेताचा_राखणदार

वकीलकाका, कायदा ठीक आहे. पण मी भाऊ आहे म्हणून बोलतो. दोन एकर रान, त्यात तीन बहिणी. आईबापाचं दवाखान्याचं मी केलं, बहिणींच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, दिवाळीची ओवाळणी, भाच्यांची बाळंतविडी सगळं मीच. वाटे केले तर कुणालाच पुरत नाही. आणि वाटा घेतलेल्या बहिणीचं माहेर तुटतं, हे गावात बघितलंय. शिलाँगला घर घेणारी मुलगी आईला सांभाळते ना? मग इथे सांभाळतो त्याला मिळू दे.

डोंगरउतार

राखणदार, तुमचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. दोन एकराचं गणित मलाही कळतं, गणितच शिकवलंय आयुष्यभर. पण 'सांभाळतो त्याला मिळू दे' हे मान्य करायचं तर आईची पथ्यं कोण करत होतं? अंथरुणात पडल्यावर कूस कोण बदलत होतं? पैसे तुमचे गेले, खोटं नाही. हात वहिनींचे होते. मग सात-बारावर वहिनींचं नाव आहे का? खासींकडे जी सांभाळते तिच्याच हातात घर राहतं. विकताना भाऊ आडवा येतो, पण तिला घराबाहेर कुणी काढू शकत नाही. आपल्याकडे लेक सही करून निघून जाते, सून येऊन सेवा करते, आणि कागदावर दोघींपैकी कुणीच नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती तेव्हा किती शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला होता. तुमच्या वडिलांच्या पिढीला आठवत असेल. आता कुणी नावही काढत नाही.

खतदुहचं ओझंही सांगायला हवं, नाहीतर मी नुसतं कौतुक केल्यासारखं होईल. आमच्या काँगची धाकटी लेक नर्सिंग शिकून बंगळुरूला गेली. तिला परत यायचं नव्हतं. थोरलीला घर हवं होतं, पण थोरलीचा हक्क नाही. आई रोज फोन करायची, घर कोण बघणार म्हणून. पोरगी शेवटी आली, आणि पहिलं वर्ष कुणाशी धड बोलली नाही. धाकटी म्हणून जन्माला येणं ही काही तिने केलेली निवड नव्हती. सगळ्या भावंडांना सारखा वाटा मिळावा असं विधेयक आणायची हालचाल 2021 मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेत झाली, तेव्हा त्याला मनातून हो म्हणणाऱ्यांत अशा धाकट्याही असणार, असं मला वाटतं.

तापीपार

एक भर घालते. मी नंदुरबारकडची, भिल्ल समाजातली. वकीलकाका सांगताहेत तो हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. आमच्याकडे रूढी चालते, आणि लेकीला जमीन मागायची सोयच नसते. बाहेरच्यांना वाटतं आदिवासी समाजात बायका मोकळ्या. हुंडा नाही, पुनर्विवाहाला आडकाठी नाही, हे खरंय. जमिनीचं मात्र विचारू नका. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं होतं. भांडणारे सगळे भाऊ. बहिणी वाचत होत्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. राखणदारदादा, माझा भाऊ अगदी तुमच्यासारखंच बोलतो, त्यामुळे तुमचा राग आला नाही. आईशी बोलले. ती म्हणाली, "माझी पण सही घेणार आहेत होय?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यात देतोय, तिघांच्या नावाने. भाऊ फुगलाय.

डोंगरउतार ताई, घर लाइतुमखरात बघू का पोलीस बाजारजवळ? आणि करार कुणाशी करायचा?

डोंगरउतार

लाइतुमखरा. शाळा जवळ, पोलीस बाजारला आवाज फार. वरच्या मजल्यावरचं घर बघा, खालच्या खोल्यांना ओल येते. करार काँगशीच होईल, पावतीवर सही तिचीच असेल. भाडेकरू म्हणून तुमची माहिती मात्र रंगबाह श्नाँगकडे द्यावी लागेल, आधारची प्रत आणि बँकेचं पत्र घेऊन जा. पाण्याचं आधीच विचारून घ्या, एवढा पाऊस पडून हिवाळ्यात टँकर मागवावा लागतो. आणि आईला डिसेंबरात बोलवू नका, गुडघे धरतील. एप्रिलमध्ये बोलवा.