‘परवडणारी घरे’: कोणाला परवडणारी?

डोंबिवलीकर
म्हाडाच्या घरांच्या सोडतीची बातमी आली की ‘परवडणारी घरे’ हे शब्द ठरलेले. मला ते अर्धवट वाटतात. मराठीत परवडतं ते कोणाला तरी: मला परवडतं, त्यांना नाही. तो ‘ला’ गळाला की परवडणं हा घराचाच गुण होऊन बसतो. जीएसटीचा नियम बघा. २०१९पासून ४५ लाखांपर्यंतचं आणि महानगरात ६० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचं घर ‘परवडणारं’, कर १ टक्का. घेणाऱ्याचा पगार कुठे विचारलाच नाही. महिना ३० हजार मिळवणाऱ्याला ४५ लाख म्हणजे साडेबारा वर्षांचा अख्खा पगार!

वऱ्हाडी
आमच्याकडे हे क्रियापद शेतीला जास्त लागतं. ‘कापूस परवडत नाही’ म्हणजे पेरायची ऐपत नाही असं नव्हे. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी वजा जाता हातात काही उरत नाही, असा अर्थ. घरालाही तोच अर्थ लावा की! बँक कर्ज देते म्हणून घर परवडलं असं होत नाही. हप्ता गेल्यावर किराणा, शाळेची फी, आईचं औषधपाणी भागतं का, ते बघायचं. न भागणारा माणूस मग म्हणतो, ‘यापेक्षा भाडं परवडलं.’ इथे ‘परवडलं’ म्हणजे त्यातल्या त्यात बरं.

कोथरूडकर
सोडतीत उत्पन्नानुसार जे गट पाडतात, त्या ‘गट’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. म्हाडाच्या २०२२च्या बदलानंतर मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९पर्यंत अल्प, १२पर्यंत मध्यम, त्यापुढे उच्च. माझ्या बहिणीच्या घरात दोघांचे मिळून १५ लाख येतात. अर्ज भरताना ‘उच्च’वर बोट ठेवून ती म्हणाली, ‘आपण कधीपासून उच्च?’ तिचं चुकलं नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या जुन्या व्याज अनुदानात १२ ते १८ लाखवाले ‘मध्यम’च होते. आणि २०२३च्या मुंबई सोडतीत याच उच्च गटासाठी ताडदेवला साडेसात कोटींच्या वरचं घर होतं. एवढ्या अंतराला एकच शब्द पुरत नाही.

डोंबिवलीकर
म्हणूनच मला ‘उत्पन्न’पेक्षा ‘ऐपत’ हा शब्द खरा वाटतो. आमच्या ऑफिसात सारख्या पगाराचे दोघे आहेत. एक दादरला वडिलांच्या घरात राहतो, दुसरा बदलापूरला भाड्याने. पहिला स्वतःला ‘खाऊनपिऊन सुखी’ म्हणवतो आणि लाखभराच्या सहलीला ‘काही फार नाही’ म्हणतो. दुसऱ्याच्या लेखी पहिला श्रीमंतच, आणि मला ते पटतं. पगारपत्रकात हा फरक दिसत नाही.

वऱ्हाडी
मग बातमीत निदान एवढं तरी लिहा: ‘९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी ४० लाखांची घरं’. परवडतात का, ते वाचणारा ठरवेल.