इनोव्हाची पुण्याई टोयोटा किती दिवस खाणार?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. आमच्या मामेभावाच्या डोक्यात टूर्सचा धंदा घुसलाय. गाडी घ्यायची, आणि त्याच्या लेखी गाडी म्हणजे टोयोटा. इनोव्हापुरतं मी समजू शकतो. पण परवा तो घरच्यासाठी ग्लान्झा बघून आला आणि वर मलाच सांगतो, "टोयोटा आहे, डोळे झाकून घे." इथं माझी सटकली.

टोयोटाने आपल्याकडे नाव कमावलं ते मुख्यतः दोन गाड्यांवर. २००० सालची क्वालिस आणि २००५ ची इनोव्हा. दोन्ही चॅसिसवर (वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेल्या, दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह, दोन्हींचं डिझेल इंजिन दणकट. त्या पुण्याईवर आज शोरूममध्ये काय उभं आहे? ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो. रुमियन म्हणजे अर्टिगा. टायसर म्हणजे फ्राँक्स. बिल्ला तेवढा बदललाय. आणि हायक्रॉसच्या नावात इनोव्हा आहे, पण तिला ना ते चॅसिस, ना डिझेल, ना रिअर व्हील. मग विश्वास ठेवायचा तो नक्की कशावर?

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी बोला. "टोयोटा ती टोयोटा" एवढंच लिहून पळू नका.

नाशिकरोड टुरिस्ट

भाऊ, तुम्ही विश्वासाचं विचारताय, मी धंद्याचं सांगतो. पार्टीचा फोन आला की पहिला प्रश्न काय असतो? "त्र्यंबक, शिर्डी, वणी करायचंय, इनोव्हा आहे का?" सात सीटर आहे का, असं कोणी विचारत नाही. दुसरी गाडी पाठवली तर पार्टी आधी गाडीभोवती एक चक्कर मारते आणि मग भाड्यात घासाघीस सुरू करते. गाडी त्याच मापाची असली तरी.

आता गाडीचं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना आत सहा माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, एसी चालू. क्रिस्टा (हायक्रॉसच्या आधीची डिझेल इनोव्हा) दुसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढते. मधल्या सीटवरच्या आजीबाईंना मळमळत नाही, हे आमच्या धंद्यात स्पीडपेक्षा मोठं. मला कोणी ब्रोशर दाखवू नये.

आणखी एक बघा. हायक्रॉस आल्यावर सगळे म्हणाले, क्रिस्टा संपली. २०२३ मध्ये कंपनीने क्रिस्टा परत बाजारात आणली, तीही फक्त २.४ डिझेल आणि फक्त मॅन्युअल. आमच्यासारख्यांना काय लागतं हे त्यांनाही ठाऊक आहे.

गंगापूररोडकर

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. क्रिस्टा चांगली आहे हे मान्य. त्या क्रिस्टाच्या जोरावर ग्लान्झा का खपवायची, एवढाच माझा सवाल आहे.

इंदिरानगर बोगदा

ग्लान्झा माझ्याकडे आहे. ती बलेनो आहे हे घेताना मला माहीत होतं, शोरूमवाल्यालाही माहीत होतं, फक्त आम्ही दोघं त्यावर बोललो नाही 😄

मी घेतली ती वॉरंटीसाठी. तेव्हा टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर देत होती आणि मारुती २ वर्षं किंवा ४० हजार. गाडी तीच, कागद जास्त चांगला. यात फसवणूक कुठे आली? इंजिन सुझुकीचं आहे, ॲव्हरेज सुझुकीचं आहे आणि सर्व्हिसला गेलं की चहा टोयोटाचा मिळतो. मी खूश आहे.

कसारा बायपास

जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षं, १ लाख केलंय. आता उरला फक्त चहा.

मालेगावचा धोटा

बिल्ला बदलला, बिल्ला बदलला म्हणून ओरडताय, पण या दोन्ही कंपन्यांचं मूळ कुठलं? मागाचं. मी यंत्रमागवाल्याच्या घरातला, म्हणून हा इतिहास मला तोंडपाठ आहे.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७. आयुष्य मागाच्या खटपटीत घालवलं. १९२४ मध्ये त्याने जो स्वयंचलित माग काढला, त्यात कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपत आली की माग न थांबता धोटा (ती कांडी इकडून तिकडे नेणारा) बदलायचा आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ज्यांनी मागावर दिवस काढलेत त्यांनाच या दुसऱ्या गोष्टीची किंमत कळेल. साध्या मागाला हे जमत नाही. धागा तुटला आणि कारागिराचं लक्ष नसलं की कापडात दोष पडत जातो, हातभर कापड वाया. म्हणून कारागीर डोळ्यांत तेल घालून उभा असतो. साकिचीच्या मागावर एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकायचा. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये त्याच्या पेटंटचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. मागाच्या धंद्यात जगाला शिकवणारा इंग्रज, तो पैसे मोजून जपान्याकडून घेतोय!

मुलगा किइचिरो मोटारीच्या नादी लागला. १९३३ मध्ये मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग सुरू झाला, १९३६ मध्ये एए नावाची पहिली गाडी विकायला आली आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी झाली. चूक दिसली की काम तिथंच थांबवायचं, दोष पुढे सरकू द्यायचा नाही, ही टोयोटाच्या कारखान्याची शिस्त त्या मागावरून आली. आजही त्यांच्या लाइनवरचा कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबते.

आणि सुझुकी? मिचिओ सुझुकीने १९०९ मध्ये हमामात्सुला सुरू केला तोही मागाचाच कारखाना. साकिचीचं गाव तिथून जवळच. तेव्हा ग्लान्झा म्हणजे शेजारच्या गल्लीतली सोयरीक समजा. २०१९ मध्ये टोयोटाने सुझुकीत पाच टक्क्यांच्या आसपास भागही घेतला. चोरून काही चाललेलं नाही.

कसारा बायपास

वा, मागाची कथा छान. आता पुढचा अध्याय मी सांगतो.

तो मागाचा मूळ कारखाना आजही आहे, टोयोटा इंडस्ट्रीज नावाने. टोयोटासाठी डिझेल इंजिनं तोच बनवतो. जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आलं की तीन डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्रासाठी हॉर्सपॉवरची जी चाचणी घेतात, तिच्यात यांनी विक्रीच्या गाडीतल्यापेक्षा वेगळं सॉफ्टवेअर घातलेलं कंट्रोल युनिट वापरलं होतं, का तर आकडे नीटनेटके दिसावेत. ही इंजिनं भारतात कुठे आहेत? फॉर्च्युनर, हायलक्स आणि तुमची लाडकी क्रिस्टा. काही दिवस इथलं डिस्पॅच थांबलं होतं. त्याच्या महिनाभर आधी टोयोटाच्याच दायहात्सु कंपनीमध्ये सुरक्षा चाचण्यांतली लबाडी उघड झाली होती.

धागा तुटला की माग थांबतो म्हणे. इथं धागा तुटलेला होता आणि माग चालूच होता, धोटेभाऊ.

नाशिकरोड टुरिस्ट

तेव्हा कंपनीने हेही सांगितलं होतं की गाडीच्या ताकदीत, टॉर्कमध्ये काही फरक नाही. डिस्पॅच पुन्हा सुरू झालं. माझी गाडी त्या जानेवारीतही घाट चढत होती.

कसारा बायपास

गाडी चढते की नाही हा वाद नाहीच. "जपानी आहे, म्हणजे खोटं करणार नाही" या भाबडेपणाबद्दल बोलतोय. २००९-१० मध्ये अमेरिकेत ॲक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष अकिओ टोयोडा याला तिथल्या काँग्रेससमोर (संसदेसमोर) जाऊन माफी मागावी लागली आणि २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल १२० कोटी डॉलरचा दंड बसला. कंपनी आहे, देव नाही. आणि जपानी म्हणजे टिकाऊच असेल तर निसानची डॅटसन कुठे गेली? २०२२ मध्ये गाशा गुंडाळला, मालक मागे राहिले.

मालेगावचा धोटा

चूक पकडली गेल्यावर माल पाठवणं थांबवलं ना? तेवढं तरी किती जण करतात?

कसारा बायपास

पकडली गेल्यावर सगळेच थांबवतात.

सातपूर एमआयडीसी

इथं नाशकाचा धागा आहे आणि नाशकाच्या गाडीचं कोणी नाव काढेना, म्हणून आलो. महिंद्राची मराझो आठवते का? आपल्याच प्लांटमध्ये बनली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लाँचही इथंच झाली. इनोव्हाला टक्कर म्हणूनच काढली होती. चॅसिस होतं, डिझेल होतं, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार होते, राइड मऊ, किंमत इनोव्हापेक्षा बरीच कमी. आम्हा व्हेंडर लोकांना वाटलं, आता बघा. काय झालं? नाशिककरांनीसुद्धा भाड्याला इनोव्हाच मागितली. बोलेरो, स्कॉर्पिओ इथल्याच, त्या गावोगाव पोचल्या. मराझो मात्र नाही.

म्हणून धागाकर्त्याचा राग मला कळतो. चांगली गाडी समोर असून लोक बिल्ल्याकडे बघून वळतात, हे मी कारखान्याच्या बाजूने पाहिलंय. फक्त यात टोयोटाचा दोष काय, हे मला अजून सापडलेलं नाही. मराझोचं इंजिन १.५ लिटरचं, समोर क्रिस्टाचं २.४, १५० पीएस. भरल्या गाडीला हा फरक जाणवणारच.

आणि टोयोटा परकी म्हणणाऱ्यांसाठी: कंपनीचं नाव टोयोटा किर्लोस्कर. ११ टक्के भाग किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर निघाले ते आपल्याच मातीत. टोयोटाशी किर्लोस्करांची सोयरीकही आधी कापडाच्या यंत्रांमधून जुळली, मोटारी नंतर. मोठा कारखाना गेला तो कर्नाटकात, बिडदीला. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला नवीन प्लांटचा करार झालाय. नाशकाला का नाही, हा वेगळा धागा काढा, तिथं मी मनमोकळं लिहीन.

निफाडचा बागायतदार

तुमची चर्चा फार अभ्यासू चाललीय. आमच्याकडे हिशेब साधा. माल गेला, पैसे आले, की पांढरी फॉर्च्युनर. लोक हसतात, पुढारी झाला म्हणतात. हसू द्या. द्राक्षात एक गारपीट वर्षाची कमाई झोपवते. अशा वेळी सोनं मोडायला घरची राजी नसते. फॉर्च्युनर काढतो म्हटलं की गिऱ्हाईक दारात उभं. भाव फार पाडून मागत नाही. आधी माझ्याकडे एका दुसऱ्या कंपनीची तेवढ्याच किमतीची गाडी होती. दिसायला हिच्याहून देखणी. विकायला काढली तेव्हा डीलर हुडावर हात ठेवून नुसता "बघू" म्हणाला. त्या "बघू"चं काय झालं ते विचारू नका.

मळ्यात मात्र पिकअपच चालते. फॉर्च्युनरला क्रेट लावून दाखवा कोणी.

गंगापूररोडकर

हे रिसेलचं बरोबर आहे, पण ते गोल गोल फिरतं. लोक विश्वास ठेवतात म्हणून रिसेल, रिसेल आहे म्हणून विश्वास. आणि नवीन घेणाऱ्याला तो रिसेल आधीच किमतीत भरावा लागतो, वर वेटिंग वेगळं.

कॉलेजरोड हायब्रिड

हायक्रॉसला कोणी वाली नाही असं दिसतंय, तर मी बोलते. "ती खरी इनोव्हा नाही" हे वाक्य ऐकून कान किटले.

हो, चॅसिस नाही, बॉडी आणि सांगाडा एकच. म्हणूनच मागच्या रांगेत मुलं झोपतात आणि आदळत नाहीत. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलं की इंजिन बंद, गाडी बॅटरीवर पुढे सरकते, आत आवाज नाही. आधी आमच्याकडे डिझेल होती. त्याच रस्त्यावर तेव्हा तेल जळत राहायचं. हायब्रिडचा खरा फायदा शहरात आहे, कारण ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. समृद्धीवर १२० ने सलग पळवलं की तो फायदा कमी होतो, हे मी लपवणार नाही. ज्यांचं आयुष्य हायवेवर आहे त्यांनी क्रिस्टाच घ्यावी.

"बॅटरी गेली तर?" असं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने विचारून झालंय. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. आणि टोयोटा हायब्रिड १९९७ पासून विकतेय, प्रियसपासून. जुनी पुण्याई म्हणता ना, या बाबतीत ती त्यांचीच आहे, सुझुकीकडून उसनी आणलेली नाही. उलट मारुतीच हायक्रॉस घेऊन इन्व्हिक्टो नावाने विकतेय. बिल्ला दोन्हीकडून बदलतो.

इंदिरानगर बोगदा

ताई, तुम्ही ग्लान्झावाल्यांनाही वाचवलंत 🙏

द्वारका गॅरेज

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, मला कोणाची भाटगिरी करायची नाही. टोयोटा बिघडत नाही असं म्हणणाऱ्याने माझ्याकडे येऊन बसावं. बूश जातात, क्लच प्लेट जाते, सगळं जातं. फरक एवढाच की हळूहळू जातं आणि आधी आवाज देऊन जातं. रस्त्यात दगा क्वचित.

धागाकर्ते, मामेभावाला सांगा, ग्लान्झाचा वाद नंतर घाला. सिंहस्थ आला की जुन्या इनोव्हा बाजारात चिक्कार येतील आणि त्यातल्या निम्म्यांचा मीटर मागे फिरवलेला असेल. २.५ वाली जुनी घेत असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. क्रिस्टाला चेन आहे, ती कटकट नाही. पण बीएस ६ डिझेल नुसती गावातल्या गावात फिरलेली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलेला असू शकतो, हायवेला नेऊन बघा. मीटर ६० हजार दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय, स्टिअरिंग चकाकतंय, तर समजा गाडी ६० हजारांची नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, कुठल्या साली बनला ते त्याच्या चिठ्ठीवर असतं. गाडीच्या सालाशी जुळलं नाही तर अपघात झालाय का ते विचारा.

गंगापूररोडकर

हे कामाचं बोललात. ग्लान्झावर माझं मत तेच आहे, पण क्रिस्टा बघायला रविवारी त्याला घेऊन येतो. गॅरेज उघडं असतं का?

द्वारका गॅरेज

दुपारी एकपर्यंत. गाडी थंड आणायला सांगा मालकाला, आधी तापवून ठेवलेली नको. पहिला स्टार्ट मला ऐकायचाय.