घरच्या गॅरेजमधील लिफ्ट: मारुती 800, स्विफ्ट आणि बोलेरो या तिघींना एकच चालेल का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे जुनी मारुती 800, स्विफ्ट आणि बोलेरो अशा तीन गाड्या आहेत. ऑइल बदलणे, ब्रेकची कामे आणि सस्पेन्शनचे बुश पाहणे एवढे मी घरीच करतो, परंतु जॅक आणि स्टँड लावून गाडीखाली सरपटणे आता वयाला मानवत नाही. नाशिकमधील आमच्या बंगल्याला लागून असलेले गॅरेज 6 मीटर लांब आणि 3.6 मीटर रुंद आहे. स्लॅबखाली 3.1 मीटर उंची मिळते, मात्र लांबीच्या बरोबर मध्यावर एक आडवा बीम आहे आणि त्याच्याखाली 2.74 मीटरच उरतात. विक्रेते चार टनांची टू-पोस्ट लिफ्ट (दोन खांब आणि प्रत्येकाला गाडीखाली जाणारे दोन आर्म) सुचवतात आणि बोलेरो उचलली गेली म्हणजे बाकीच्या दोन्ही उचलल्या जाणारच, असे सांगतात. हे गणित इतके सरळ आहे का? खड्डा खणण्याचा विचार मी सोडला आहे, कारण पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठून राहते.

पान्हा दहा-अकरा

मी वर्कशॉप चालवतो, त्यामुळे आधी विक्रेत्याच्या गणिताविषयी लिहितो. वजनाचा प्रश्न आपल्याला नाहीच. बोलेरोसुद्धा रिकामी असताना दोन टनांच्या आत आहे. चार टन ही चारही आर्म मिळून असलेली क्षमता असते आणि इंजिन पुढे असल्याने पुढच्या दोन आर्मवर जास्त भार येतो, हे धरूनही ती पुरते. खरी अडचण लहान गाडीची आहे. बोलेरोचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) 2680 मिमी, तर 800 चा 2175 मिमी, म्हणजे अर्ध्या मीटरचा फरक. आर्म किती लांब होतो हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारते; तो पूर्ण मिटल्यावर किती आखूड होतो हे क्वचितच कोणी विचारते. मिटलेला आर्मच जर लांब पडला, तर त्याच्या टोकावरचा पॅड 800 च्या जॅक पॉइंटवर (गाडी उचलण्यासाठीच्या मजबूत जागेवर) न बसता पुढे-मागे सरकतो आणि गाडी पातळ पत्र्यावर तोलली जाते. म्हणून कोटेशनबरोबर आर्मच्या किमान आणि कमाल लांबीचा तक्ता अवश्य मागावा.

800 आणि स्विफ्ट यांना वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नाही. त्या दरवाजाखालच्या पट्टीवरच्या ठरावीक जागी उचलाव्या लागतात. जुन्या 800 मध्ये नेमकी हीच पट्टी आतून गंजते, तेव्हा तिथे आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आत गेले, तर पत्र्याचे काम झाल्याशिवाय ती गाडी लिफ्टवर घेऊच नये. बोलेरोला शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे, ती बरीच आत आणि उंचावर असते, त्यामुळे पॅडखाली उंचीचे ॲडॉप्टर न लावल्यास आर्म आधी फूटस्टेपला भिडतो. गाडी कोणतीही असो, चाके जमिनीवरून वीतभर सुटल्यावर थांबून ती हलवून पाहावी, आणि काम करताना वजन नेहमी यांत्रिक लॉकवर असावे, हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, नव्हे.

कोबा

मी स्थापत्य अभियंता आहे. आपल्या गॅरेजची उंचीच निम्मा निर्णय करून टाकते. बीम मध्यावर असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच उरतात, आणि आपली सर्वांत लहान गाडीही त्याहून लांब आहे. म्हणजे कोणतीही गाडी बीमखाली येणारच. बोलेरोची उंची सुमारे 1.88 मीटर धरली, तर वर 86 सेंटिमीटर राहतात, आणि दहा सेंटिमीटर मोकळे ठेवल्यास ती पाऊण मीटरच उचलता येईल. ज्या कारणासाठी टू-पोस्ट घ्यायची, ते गाडीखाली उभे राहून काम करणे, येथे शक्यच नाही. (स्विफ्टची डिकी वर उघडते, ती बंद आहे ना हे पाहण्याचीही सवय लावावी लागेल.)

शिवाय टू-पोस्टचे खांब जमिनीत अँकर बोल्टने धरलेले असतात. पेव्हर ब्लॉक किंवा कोब्यावर बसवलेली फरशी असेल, तर बोल्टला धरायला काहीच नसते. सलग काँक्रीट हवे, आणि ते नव्याने ओतल्यास 28 दिवसांपूर्वी बोल्ट आवळू नयेत. जमिनीखाली पाण्याची टाकी आहे का, तेही कळवावे.

दूरदेशी

अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजमध्येही छत बुटकेच असते, त्यामुळे मी मिड-राइज सिझर लिफ्ट (गाडीच्या मधोमध कात्रीसारखी उघडणारी, मध्यम उंचीची) घेतली. ती साधारण एक मीटर उचलते आणि स्टुलावर बसून चाके, ब्रेक व सस्पेन्शनची कामे आरामात होतात. तिचा दोष एकच, पण मोठा आहे: गाडीच्या मध्यभागी तिचाच सांगाडा असतो, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवणे किंवा प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) काम अवघड जाते. फोर-पोस्ट (चार खांबांची) घेतल्यास गाडी चाकांवरच उभी राहते आणि ब्रेकसाठी वेगळा जॅक लागतो, म्हणून आपल्या कामांना ती गैरसोयीची आहे. येथे एएलआयचे (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचे) प्रमाणपत्र पाहतात, युरोपात ईएन 1493 हे मानक आहे. यांपैकी कशाचाही उल्लेख नसलेली लिफ्ट मी तरी घेणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. गिअरबॉक्स मी उघडत नाही, तेव्हा सिझर लिफ्ट पटते. जमीन सलग काँक्रीटची आहे, परंतु फाटकापासून पहिल्या दोन मीटरखाली पाण्याची टाकी आहे. तसेच वीज सिंगल फेज आहे.

पान्हा दहा-अकरा

सिंगल फेजवर चालणाऱ्या लिफ्ट मिळतात. मोटर सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढते, म्हणून तिला स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी (जास्त करंट आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग द्यावे, आणि महावितरणकडील मंजूर भार पुरतो का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. 800 साठी लिफ्टची मिटलेली उंचीही पाहावी, नाहीतर गाडी तिच्यावर चढणारच नाही.

कोबा

टाकीच्या स्लॅबवर लिफ्टचा पाया येऊ देऊ नये, कारण चार चाकांत वाटलेले वजन उचलल्यावर त्या लहानशा पायावर एकवटते. बोलेरोचे तोंड मागच्या भिंतीकडे ठेवून भिंतीपाशी 70 सेंटिमीटर वाट सोडली, तर चार मीटरच्या गाडीचा मध्य फाटकापासून 3.3 मीटरवर येतो. पाया दोन मीटर लांब असला, तरी तो 2.3 मीटरपासून सुरू होईल, म्हणजे टाकीपासून 30 सेंटिमीटर अंतर राहील. इंजिनमुळे गुरुत्वमध्य भिंतीकडे झुकतो आणि पायाही तिकडे सरकवावा लागतो, तेव्हा हे अंतर वाढेल, घटणार नाही. मात्र टाकीची भिंत नेमकी कुठे संपते, हे झाकण उघडून आतून मोजून घ्यावे.